तिकडे रिकामा, घरी भरलेला: साताऱ्यातल्या एका पीसीचं प्रकरण

यादोगोपाळ पेठेतल्या त्या घरातून फोन आला तेव्हा तक्रार पीसीची नव्हतीच. "अरे, सूनबाईंच्या पेनड्राइव्हमधलं सगळं गेलंय. जरा येऊन जातोस का?" काका प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. २०२० साली नातवाच्या ऑनलाइन शाळेसाठी त्यांनी पीसी घेतला आणि तेव्हापासून तो मीच बघतो. साताऱ्यात घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय आहे.

वहिनी महिला बचत गटाच्या सचिव आहेत. वर्षभराचा जमाखर्च, सभांची इतिवृत्तं, मसाल्याच्या ऑर्डरींचे हिशोब, सगळं त्या घरच्या पीसीवर करतात आणि पेनड्राइव्हवर घालून कार्यालयात नेतात. त्या दिवशी तिथल्या लिपिकानं पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "ताई, हा रिकामाय. आणि यात व्हायरस होता, फॉरमॅट करून आणा." येताना त्यांनी वाटेतल्या एका दुकानात विचारलं, तिथंही तेच उत्तर: फॉरमॅट मारून देतो. नशीब असं की त्यांनी दिला नाही. घरी आणून लावला तर सगळं जागच्या जागी.

"बघा ना भावजी," त्यांनी मला दाखवलं, "तिकडं लावला की रिकामा, घरी आणला की भरलेला. म्हणजे त्यांचंच मशीन खराब आहे ना?"

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हेच वाक्य. वहिनींनी जे पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं, पण त्यावरून जे ठरवलं ते नेमकं उलटं होतं. मशीन बिघडलेलं होतं ते घरचं.

बाण

पेनड्राइव्हमध्ये 'जमाखर्च', 'इतिवृत्त', 'फोटो' अशी फोल्डरं दिसत होती. डबलक्लिक केलं की उघडतही होती. पण प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर, डाव्या खालच्या कोपऱ्यात, एक चिमुकला बाण होता. हा बाण आपण डेस्कटॉपवर रोज बघतो, म्हणून डोळ्यांना खटकत नाही. बाण म्हणजे शॉर्टकट. ती वस्तू नव्हे, वस्तूकडे बोट दाखवणारी पाटी. डेस्कटॉपवर पाट्या असतातच. पेनड्राइव्हमधल्या तुमच्या स्वतःच्या फोल्डरवर त्या असायचं काहीच कारण नाही.

मी 'जमाखर्च'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली आणि 'टार्गेट' ही ओळ वहिनींना वाचून दाखवली. तिथं फोल्डरचा पत्ता असायला हवा होता. त्याऐवजी ओळ सुरू होत होती विंडोजच्या काळ्या खिडकीपासून, म्हणजे कमांड प्रॉम्प्टपासून. पुढे हुकूम होता: अमुक नावाची स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची छोटी फाइल, चालू कर. नाव म्हणजे अर्थ नसलेली दहा-बारा अक्षरं, शेवटी व्हीबीएस, म्हणजे व्हीबीस्क्रिप्ट या भाषेची खूण. त्याच ओळीत लगेच दुसरा हुकूम: आता खरं फोल्डर उघड. म्हणजे तुम्ही डबलक्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तुमचा जमाखर्च समोर येतो. फोल्डर उघडलं म्हणून माणूस निश्चिंत. या जातीच्या व्हायरसची सगळी करामत या एका ओळीत आहे.

मग खरी फोल्डरं कुठं होती? तिथंच, त्याच पेनड्राइव्हवर. त्यांच्यावर 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारलेले होते, आणि हे दोन्ही शिक्के असलेली गोष्ट विंडोज एरवी दाखवत नाही. याची खात्री करायला काही शिकावं लागत नाही. शॉर्टकट एकेक-दोन केबीचे होते, सगळे मिळून पंचवीस-तीस केबी. पण पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितली तर वापरलेली जागा तीन जीबीच्या वर. डेटा गेला असता तर ही जागा भरली कशानं असती? वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण तिथं उतरला. ज्याला कुणाला पेनड्राइव्ह असा 'रिकामा' दिसेल त्यानं फॉरमॅटचं नाव काढण्याआधी हा आकडा एकदा बघावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता कार्यालयातलं कोडं. तिथल्या चांगल्या अँटिव्हायरसनं स्क्रिप्ट आणि शॉर्टकट, दोन्ही ओळखून पुसून टाकले. पण खऱ्या फोल्डरांवरचे शिक्के त्यानं काढले नाहीत. पाट्या गेल्या, माल दडलेलाच राहिला, पेनड्राइव्ह रिकामा दिसला. घरी आल्यावर मात्र घरच्या पीसीत वस्तीला असलेल्या स्क्रिप्टनं पेनड्राइव्ह लागल्या लागल्या सगळ्या पाट्या नव्यानं ठोकल्या. म्हणून 'भरलेला'.

हे पटवायला मी त्यांच्यासमोर 'फोटो'चा शॉर्टकट पुसला. मनात दहा मोजायच्या आत तो परत आला. काका पुढे सरकून बसले. "म्हणजे हे आत्तासुद्धा चालू आहे?"

चालू होतं. मी पहिल्यांदा नेटची वायर काढली. अशा स्क्रिप्ट नुसत्या पेनड्राइव्ह खराब करून थांबत नाहीत. बऱ्याचशा बाहेरच्या सर्व्हरशी बोलतात आणि तिथून हुकूम घेतात.

थोडं मागचं सांगतो, कारण त्यातून बाणाची गरज कळते. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की त्यातली ऑटोरन नावाची फाइल विंडोज स्वतःहून चालवायचं, आणि २००८-०९च्या सुमारास व्हायरस त्याच वाटेनं पसरायचे. विंडोज ७पासून मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्हसाठी ती सोय बंद केली, २०११मध्ये जुन्या विंडोजसाठीही अपडेट दिलं. मशीन आपोआप चालवेना, तेव्हा व्हायरस लिहिणाऱ्यांनी माणसाकडून क्लिक करून घ्यायला सुरुवात केली. आणि आपल्या हिशोबाच्या फोल्डरवर कोण क्लिक करणार नाही?

काढताना

इथं क्रम फार महत्त्वाचा. पेनड्राइव्ह आधी साफ केला तर तो दहा सेकंदांत परत खराब होणार, हे आत्ताच बघितलं होतं. आधी चालणारी स्क्रिप्ट थांबवायची, मग तिची पुन्हा उठायची सोय तोडायची, मग फाइल पुसायची आणि पेनड्राइव्ह सगळ्यांत शेवटी.

टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' चालू होता. हा स्वतः व्हायरस नव्हे, विंडोजचाच भाग आहे, स्क्रिप्ट चालवणारा. पण घरच्या पीसीवर तो सतत चालू दिसला तर 'का' असं विचारायलाच हवं. मी तो बंद केला. मग ऑटोरन्स उघडलं. हे मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं फुकट साधन आहे. २००६पासून तो संच मायक्रोसॉफ्टकडे आहे. पीसी चालू होताना काय काय आपोआप उठतं, त्याची पूर्ण यादी ते देतं. मी त्यात मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या नोंदी लपवतो, म्हणजे उरलेल्या मोजक्या नजरेत भरतात. तीच निरर्थक नावाची स्क्रिप्ट दोन ठिकाणी सापडली: एकदा रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, 'रन' नोंदीत, एकदा स्टार्टअप फोल्डरमध्ये. एक काढली तर दुसरी उठवणार. दोन्ही काढल्या आणि वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात लपलेली मूळ फाइल पुसली.

ही साधनं मी एसडी कार्डावर ठेवतो, पेनड्राइव्हवर नाही. कार्डाच्या कडेला एक बारीक खिट्टी असते. ती खाली सरकवली की बहुतेक कार्ड रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत. आजारी मशीनला आपलं साधन लावायचं आणि तोच आजार पुढच्या घरी घेऊन जायचा, हे पाप आमच्या धंद्यात नकळत फार होतं.

पीसी पुन्हा चालू केला, स्क्रिप्ट उठली नाही. मग पेनड्राइव्ह लावला, शॉर्टकट पुसले आणि डॉसच्या काळापासूनची 'अ‍ॅट्रिब' ही कमांड देऊन दोन्ही शिक्के उतरवले. 'जमाखर्च' पुन्हा दिसलं, या वेळी बाणाशिवाय. वहिनींनी मार्चचा ताळेबंद उघडून आकडा न आकडा बघितला. बरोबर होता.

पीसीच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत' अशा लाल सूचनाही येत होत्या. त्या फसव्या. कुठल्याशा वेबसाइटला कधीतरी 'अलाउ' म्हटलेलं होतं, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती परवानगी काढली, संपलं.

इथवर दीड तास झाला होता. काकूंनी पोहे पुढे केले होते आणि सगळ्यांना वाटत होतं की काम झालं.

दार कुणी उघडलं

मला मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. ही स्क्रिप्ट जुन्या वळणाची. विंडोजबरोबर येणारा अँटिव्हायरस, डिफेंडर, असल्या स्क्रिप्ट ओळखतो. मग या घरात तो झोपला कसा?

विंडोज सिक्युरिटी उघडली. रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद. टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनं डिफेंडरला हात लावू नये म्हणून असलेलं कुलूप, तेही बंद. त्याखाली 'एक्सक्लूजन्स' अशी यादी असते, डिफेंडरनं कुठं बघायचं नाही त्याची. ती फार कमी लोक उघडतात. तिथं तीन ओळी होत्या: सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह. या पीसीत ई म्हणजे पेनड्राइव्हची जागा. पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की घरात बघू नकोस, अंगणात बघू नकोस, फाटकाकडेही बघू नकोस.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. नातू म्हणाला, मी नाही. वहिनी म्हणाल्या, मला हे पान माहीतच नाही. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनीच सांगितलं.

काकांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी एका वहीत पेन्सिलीनं उतरवून ठेवल्यात. २१४ ओव्या. त्यांची लहानशी पुस्तिका छापायची म्हणून ते गेल्या वर्षापासून एका बोटानं टाइप करतायत. डीटीपीवाल्यानं एका ठरावीक जुन्या फॉन्टमध्ये फाइल मागितली. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर येतो ते विकतचं. काकांनी व्हिडिओ शोधला; त्यात 'फुल व्हर्जन फ्री' अशी लिंक होती आणि बोलणारा अगदी आपुलकीनं मराठीत सांगत होता: आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो चुकून लायसन्सची की पुसून टाकेल. काकांनी त्यानं दाखवलं तसं एकेक बटण बंद केलं. एक्सक्लूजनच्या ओळी त्यांनी घातल्या नव्हत्या. कुलूप उघडं मिळाल्यावर त्या सेटअपनं स्वतःच घातल्या.

ती झिप फाइल अजून डाउनलोड्समध्ये होती. तिला पासवर्ड होता, १२३४, आणि तो व्हिडिओखाली लिहून दिलेला. फुकट वाटायच्या वस्तूला कुलूप कशाला? कुलूपबंद झिपच्या आत डाउनलोड होताना कुठल्याच अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, एवढ्यासाठीच. झिप ९ एमबीची आणि आतला सेटअप ७४० एमबीचा. इतका आकुंचन पावणारा प्रोग्रॅम नसतो. आत नुसती शून्यं भरून तो फुगवलेला असतो. पुष्कळशा तपासण्या फार मोठ्या फाइली सोडून देतात. व्हायरसटोटल या साइटवरसुद्धा ६५० एमबीच्या वरची फाइल जात नाही. (तिथं संशयास्पद प्रोग्रॅम जरूर तपासा, पण स्वतःची कागदपत्रं कधीही टाकू नका. तिथं टाकलेलं सुरक्षा कंपन्यांच्या हाती जातं.)

काका ओशाळले होते. मला त्यांना एक शब्दही लावायचा नव्हता. आईच्या ओव्यांपायी माणूस फसला, यात लाज त्याची नव्हे.

मी डिफेंडर चालू केला, तिन्ही ओळी काढल्या, माझ्या लॅपटॉपवर उतरवलेलं ताजं डेफिनिशन अपडेट, म्हणजे नव्या व्हायरसांच्या ओळखीची यादी, कार्डावरून घातलं आणि फुल स्कॅन लावला. नंतर ऑफलाइन स्कॅनही केला. त्यात पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज नीट उठण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्यांना लपता येत नाही. फुल स्कॅनमध्ये टेम्प फोल्डरातली एक फाइल सापडली. डिफेंडरनं तिला दिलेल्या नावाची सुरुवात 'पीडब्ल्यूएस' अशी. मायक्रोसॉफ्टच्या नामकरणात याचा अर्थ पासवर्ड चोरणारा.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला जो खरं तर आल्या आल्या विचारायला हवा होता: गेल्या तीन-चार महिन्यांत घरात कुणाच्या अकाउंटला काही विचित्र झालं का?

"गटाचं इन्स्टाग्राम," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस त्यावर कसल्यातरी गुंतवणुकीच्या जाहिराती येत होत्या. आम्ही पासवर्ड बदलला, थांबलं. पण त्याचा पीसीशी काय संबंध? आम्ही ते फोनवर वापरतो." पीसीवरही एकदा लॉगिन केलं होतं, मसाल्याचे फोटो चढवायला. झिप फाइलची तारीख बघितली. इन्स्टाग्रामचं प्रकरण त्यानंतर आठव्या दिवशी.

पासवर्ड चोरणारे हे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड नेतात, एवढं लोकांना माहीत असतं. त्याहून घातक म्हणजे ते कुकी नेतात. आपण लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरला एक चिठ्ठी देते: याची ओळख पटलेली आहे, पुन्हा विचारू नका. ती चिठ्ठीच चोरली की चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही विचारला जात नाही. हे सगळं काही मिनिटांत उरकतं आणि कित्येकदा प्रोग्रॅम स्वतःला पुसूनही टाकतो. स्कॅन कोरा आला म्हणून काही गेलंच नाही, असं म्हणता येत नाही.

पुढचं काम वहिनींच्या फोनवरून केलं, पीसीला हात न लावता. पहिलं जीमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट होऊन तिथंच येतात. गुगलच्या 'युअर डिव्हायसेस'मध्ये एक विंडोज संगणक होता, ज्या देशात या घरातलं कुणी कधी गेलं नाही तिथला. सगळीकडून साइन आउट, नवा पासवर्ड, टू-स्टेप चालू, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलेच आहेत ना ते बघितलं, मेल भलतीकडे वळवणारा फिल्टर लावलेला नाही हेही बघितलं. मग इन्स्टाग्राम, फेसबुक, काकांचं मेल, वीजबिलाचं खातं. काकांच्या पेन्शनच्या बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला निघाला. तो बदलला, बँकेला फोन केला, मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट ओळीनं वाचलं. पैसे गेले नव्हते. गेले असते तर इतर सगळं टाकून आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला असता. पैसा पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवायचा असतो, तिथं तासाला किंमत आहे.

फॉरमॅट

दोन तासांपूर्वी मी याच घरात 'फॉरमॅटची काही गरज नाही' असं ठामपणे बोललो होतो. आता मीच म्हणालो, विंडोज नव्यानं टाकूया.

यात विसंगती नाही. बाणांच्या व्हायरससाठी फॉरमॅट म्हणजे निव्वळ आळस होता. वहिनींचं वर्षभराचं काम त्यात गेलं असतं आणि घरच्या पीसीतला रोग तसाच राहिला असता. पण अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चाललेला, तीन महिने घरात राहिलेला, डिफेंडरची कुलपं काढलेला प्रोग्रॅम आणखी काय ठेवून गेलाय, हे मी छातीठोक सांगू शकत नव्हतो. ज्या मशीनवर पेन्शनचं खातं उघडतं तिथं 'बहुतेक साफ आहे' हे उत्तर मला पुरत नाही.

फरक एवढाच की आधी बॅकअप, तोही लिनक्स मिंटच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टिमच्या, पेनड्राइव्हवरून पीसी चालू करून. विंडोज उठतच नाही, त्यामुळे त्यातलं काहीच चालत नाही, आणि लपवलेल्या फाइली उघड्या दिसतात. फोटो, वर्डच्या फाइली, हिशोब, ओव्या, एवढंच नव्या हार्ड डिस्कवर घेतलं. एकही सेटअप नाही, एकही स्क्रिप्ट नाही. डी ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर होतं. पीसी जोडून देणारे ते बहुतेक घरांत ठेवून जातात आणि त्यात अशाच 'फुल व्हर्जन' वस्तू असतात. ते घेतलं नाही. मग माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्याच साधनानं बनवलेल्या पेनड्राइव्हवरून, सगळी पार्टिशनं काढून, विंडोज ११ टाकलं. लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं होतं, त्यामुळे की लागली नाही.

नंतर दोन गोष्टी मुद्दाम केल्या. रोजच्या वापराची खाती साधी ठेवली, अ‍ॅडमिनचं वेगळं; त्याचा पासवर्ड वहिनींकडे. आणि व्हीबीएस फाइलवर क्लिक झालं तर ती चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये उघडेल असं लावलं. २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर ईमेलनं पसरला, तोही व्हीबीएसच होता. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही भाषा टप्प्याटप्प्यानं काढून टाकायचं जाहीर केलं. घरच्या पीसीला तिची गरज नाही.

काकांच्या टायपिंगसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला. २०१९पासून तो विंडोजबरोबर फुकट येतो. एकेक अक्षर शोधत काकांनी पहिली ओवी पुन्हा लिहिली. दुसऱ्या दिवशी मी डीटीपीवाल्याशी बोललो. तो म्हणाला, युनिकोडमध्ये (म्हणजे या कीबोर्डनं लिहिलेल्या साध्या मराठीत) द्या, माझ्या फॉन्टमध्ये मी बदलून घेईन. इतकं सोपं होतं. फक्त काकांनी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानं आपण होऊन सांगितलं नव्हतं.

सहा पेनड्राइव्ह

स्क्रिप्ट घरात आली कुठून? वहिनी पीडीएफ छापायला पेनड्राइव्ह नेतात ते झेरॉक्सचं दुकान सोडलं तर दुसरी जागा नव्हती. आम्ही दोघं तिथं गेलो. मालकांना मी त्यांच्याच मशीनवर बाण दाखवला. ते रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे केली. दिवसभर परीक्षेचे फॉर्म, सातबारा, लग्नपत्रिका घेऊन माणसं येतात, प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह. कुणाकडून आलं हे सांगायचं तरी कसं? रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून त्यांनी मला मशीन दिलं. तीच निरर्थक नावाची स्क्रिप्ट तिथंही होती.

मग कागदावर यादी केली: या घरच्या पीसीला गेल्या तीन महिन्यांत कोणकोणते पेनड्राइव्ह लागले. वहिनींचे दोन, काकांचा एक, नातवाचा एक, गटाच्या अध्यक्षांचा एक, खजिनदार ताईंचा एक. पाच त्याच आठवड्यात आणवून लिनक्सवर उघडून साफ केले. तीनांत स्क्रिप्ट होती. सहावा मिळेना. खजिनदार ताई बाळंतपणासाठी कोरेगावला माहेरी गेलेल्या आणि पेनड्राइव्ह त्यांच्या पर्समध्ये. वहिनींनी त्यांना फोन करून बजावलं की तो कशालाही लावायचा नाही.

बारशाला वहिनी कोरेगावला गेल्या तेव्हा येताना तो घेऊन आल्या, रुमालात गुंडाळून. मी लावला. सगळ्या फोल्डरांवर बाण होते.